दोन ग्रॅमची तटबंदी

मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराचा एक चौरस मिलिमीटर तुकडा घेतला, तर त्याच्या वाट्याला सुमारे १७ कोटी जिवाणू येतात. २०११च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख भरली होती. म्हणजे महाराष्ट्रातल्या माणसांहून जास्त जिवाणू एकेका चौरस मिलिमीटरपुढे ठाण मांडून बसलेले. आणि त्यांच्यासमोर आपल्या बाजूने उभी असते पेशींची एकच रांग, सुमारे २० मायक्रोमीटर जाडीची. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्या रांगेमागे लगेच रक्तवाहिन्या, आणि तिथून सगळं शरीर.

तरीही निरोगी माणसाच्या आतड्यात हे जिवाणू त्या रांगेपर्यंत सहसा पोचत नाहीत. मध्ये एक बुळबुळीत थर असतो. त्याला श्लेष्म म्हणा किंवा म्यूकस. त्याचा आतला, पेशींना चिकटलेला स्तर माणसात सुमारे २०० मायक्रोमीटर जाड असतो. मोठं आतडं सुमारे दीड मीटर लांब, व्यास पाच सेंटिमीटरच्या किंचित आत. नळी उभी चिरून सपाट पसरली तर पाव चौरस मीटरही भरत नाही. त्या क्षेत्रफळाला २०० मायक्रोमीटरने गुणलं की संपूर्ण आतल्या स्तराचं आकारमान निघतं जेमतेम ४५ मिलिलिटर. त्यातलं ९५ टक्के किंवा त्याहून जास्त नुसतं पाणी. उरलेला घन पदार्थ दोन, फार तर सव्वादोन ग्रॅम.

दोन ग्रॅम विरुद्ध ३८ लाख कोटी जिवाणू, असा हा सामना आहे. तो रोज, आयुष्यभर चालतो. दोन ग्रॅमची बाजू टिकते कशी, हे समजून घ्यायचं तर आधी हे आकडे कुठून आले ते पाहायला हवं.

आकडे घटले, तरी डोळे विस्फारतात

‘लाख कोटी’ हा शब्दप्रयोग आपण एरवी अर्थसंकल्पाच्या बातम्यांतच वाचतो. ३८ लाख कोटी मोजायला बसलो आणि सेकंदाला एक या वेगाने न थांबता मोजत राहिलो, तर १२ लाख वर्षं लागतील. ३८ लाख कोटी जिवाणूंचा हा अंदाज २०१६मध्ये इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधले रॉन सेंडर, रॉन मिलो आणि त्यांचे सहकारी शाय फुक्स यांनी मांडला. त्याआधी कित्येक वर्षं ‘माणसाच्या शरीरात स्वतःच्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून फिरत होतं. त्याचा माग १९७२मधल्या एका ढोबळ अंदाजापर्यंत जात होता. एक ग्रॅम मळात १० हजार कोटी जिवाणू आणि आतड्यात असा ऐवज लिटरभर, असं धरून तो केलेला होता. पण जिवाणूंची ही दाटी असते मुख्यतः मोठ्या आतड्यात, आणि तिथला ऐवज भरतो सुमारे ४०० मिलिलिटर. हिशेब नव्याने केल्यावर जिवाणू ३८ लाख कोटी आणि आपल्या पेशी ३० लाख कोटी निघाल्या. म्हणजे जवळपास बरोबरी. या सगळ्या जिवाणूंचं एकत्रित वजन मात्र फक्त २०० ग्रॅमच्या आसपास.

आतड्याच्या क्षेत्रफळाचंही तेच झालं. आतड्याचं अस्तर उलगडलं तर टेनिसचं मैदान झाकेल, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. २०१४मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या हर्बर्ट हेलँडर आणि लार्स फेंड्रिक्स यांनी नव्याने मोजमाप केलं. लहान आतड्याच्या घड्या, त्यावरचे मिलिमीटरभर उंचीचे अंकुर आणि त्या अंकुरांवरचे सूक्ष्म अंकुर हे सगळं जमेला धरूनही एकूण भरलं सुमारे ३२ चौरस मीटर. त्यात मोठ्या आतड्याचा वाटा, सूक्ष्म अंकुरांसकट, दोन चौरस मीटर. टेनिसचं मैदान गेलं, बॅडमिंटनचं अर्धं कोर्ट उरलं.

आकडे खाली आले म्हणून थराचं काम हलकं झालं असं नाही. पृष्ठभाग कमी आणि जिवाणू तरीही लाखो कोटी, म्हणजे इंच इंच जागेवरचा दाब वाढलेलाच.

दहा लाख पट

मायक्रोमीटर डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून सगळंच दहा लाख पट मोठं करून बघू, म्हणजे मायक्रोमीटरचा मीटर होईल.

आता जिवाणू एक ते दोन मीटरचा, माणसाएवढा झाला. मोठं आतडं झालं १,५०० किलोमीटर लांबीचा बोगदा. मुंबई-दिल्ली रेल्वेमार्ग त्यापेक्षा थोडा आखूडच. बोगद्याची रुंदी ४८ किलोमीटर. त्यात माणसाएवढ्या प्राण्यांची इतकी गर्दी, की खऱ्या आतड्यातल्या एका ग्रॅमएवढ्या भागात पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांच्या बारापट. बोगद्याच्या भिंतीवर पेशींची रांग २० मीटर जाडीची, आणि तिच्यापुढे २०० मीटर जाडीचा पारदर्शक, लिबलिबीत थर. ४८ किलोमीटर रुंदीच्या पोकळीला २०० मीटरची किनार, एवढंच त्याचं प्रमाण.

हा थर अखंड नाही, ते एक जाळं आहे. त्याची भोकं या मोजमापात अर्ध्या मीटरहून लहान. एक-दोन मीटरचा जिवाणू त्यातून घुसू शकत नाही. पण पाण्याचा रेणू या जगात मिलिमीटरच्या एक तृतीयांश एवढा आणि जिवाणूंनी अन्नातल्या चोथ्यापासून तयार केलेली मेदाम्लं मिलिमीटरच्या आतबाहेर. त्यांना ही भोकं म्हणजे मोकळं रानच. प्रयोगशाळेत हे पडताळूनही पाहिलं आहे. जिवाणूंच्या आकाराचे चमकणारे सूक्ष्म मणी वरून सोडले, तर ते निरोगी आतल्या स्तराच्या वरच अडकून राहतात.

आता या जाळ्याशिवायचं चित्र बघा. ई-कोलायसारखा पोहणारा जिवाणू साध्या द्रवात सेकंदाला २५ मायक्रोमीटरच्या आसपास वेग गाठतो. आपल्या मोठ्या केलेल्या जगात तो ताशी ९० किलोमीटर होतो. २०० मीटरचं अंतर त्याला आठ सेकंदांचं. म्हणजे या थराच्या जागी नुसतं पाणी असतं, तर पहिला हल्लेखोर आठ सेकंदांत भिंतीला हात लावून मोकळा झाला असता.

फॉर्मालिनने पुसलेला थर

एवढा महत्त्वाचा थर सूक्ष्मदर्शकाखाली शंभराहून जास्त वर्षं नीट दिसलाच नाही, याचं कारण साधं आहे. आतड्याचा तुकडा तपासायचा तर तो आधी फॉर्मालिनमध्ये टिकवतात. फॉर्मालिन पाण्यात मिसळलेलं असतं, आणि ९५ टक्के पाणी असलेला हा थर त्या प्रक्रियेत आक्रसून, निघून जातो. काचपट्टीवर उरतात जिवाणू आणि पेशी, जणू एकमेकांना खेटून राहत असल्यासारख्या.

गोथेनबर्ग विद्यापीठात गुन्नर हॅन्सन आणि मालिन योहान्सन यांच्या गटाने पाणीविरहित द्रावण वापरलं. अल्कोहोल, क्लोरोफॉर्म आणि ॲसेटिक आम्ल यांचं हे कार्नॉय नावाचं मिश्रण तसं जुनंच. २००८मध्ये त्यांनी उंदरांच्या मोठ्या आतड्याची चित्रं प्रसिद्ध केली. त्यांत दोन स्तर स्वच्छ दिसले. बाहेरचा सैल, जिवाणूंनी गजबजलेला. आतला घट्ट, सुमारे ५० मायक्रोमीटरचा आणि जिवाणूंपासून मुक्त. ज्या उंदरांमध्ये हा थर बनवणारं मुख्य जनुक काढून टाकलं होतं, त्यांच्यात जिवाणू थेट पेशींना भिडलेले आणि अस्तरातल्या खोबणींत शिरलेले होते. अशा उंदरांना आतड्याचा दाह होतो आणि पुढे कर्करोगही, हे त्याआधीच दिसलं होतं. कारण आता डोळ्यांनी दिसलं.

हजारपट फुगणारा रेणू

या जाळ्याचा मुख्य धागा म्हणजे ‘एमयूसी-२’ नावाचं प्रथिन. इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं असतात, यात ५,०००हून जास्त. त्यावर साखरेच्या साखळ्या इतक्या दाट लगडतात की तयार रेणूच्या वजनात सुमारे ८० टक्के वाटा साखरेचाच भरतो. एका रेणूचं वजन २५ लाख डाल्टनच्या घरात जातं, म्हणजे इन्सुलिनच्या चारशेपटीहून जास्त. आणि हा झाला एकच धागा. असे धागे एका टोकाला दोन-दोनच्या आणि दुसऱ्या टोकाला आणखी मोठ्या जुळणीत बांधले जाऊन अवाढव्य जाळं तयार होतं. साखरेला पाणी धरून ठेवायची हौस, म्हणून जाळं फुगतं. साखरेचं दाट आवरण असल्याने प्रथिन पचवणारे पाचकरस आतल्या धाग्यापर्यंत सहज पोचत नाहीत.

हे सगळं तयार होतं गॉब्लेट पेशींमध्ये. त्या अस्तरातच मधूनमधून पेरलेल्या असतात. पण पाणी शोषून फुगणारी वस्तू पेशीत साठवायची कशी? पेशी आपल्या कोठारात आम्लता आणि कॅल्शियम वाढवते. कॅल्शियम धाग्यांची टोकं एकमेकांना बांधून घट्ट घडी घालतं. कोठार आतड्यात रिकामं झालं की तिथलं बायकार्बोनेट कॅल्शियम ओढून घेतं, आम्लता उतरते, घडी उलगडते आणि जाळं हजारपट किंवा त्याहून जास्त फुगतं.

हे बायकार्बोनेट कमी पडलं तर काय होतं, ते सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात दिसतं. १९८९मध्ये सापडलेल्या सीएफटीआर या जनुकातल्या बिघाडाने पेशींतून बायकार्बोनेट नीट बाहेर येत नाही. घडी अर्धवटच उलगडते, म्यूकस दाट आणि चिवट होऊन पेशींना चिकटून बसतो. असा आजार असलेल्या काही बाळांची जन्मानंतरची पहिली काळपट शीच आतड्यात अडकते आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. म्हणजे म्यूकस नुसता असून भागत नाही, तो सुटावाही लागतो.

तासाभराचं आयुष्य

इथवर आपण जाडी, वजन, भोकं मोजली. पण खरा थक्क करणारा आकडा वेळेचा आहे. उंदरांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात आतला स्तर साधारण तासाभरात पूर्ण नवा होतो. माणसाच्या आतड्याचे ताजे तुकडे प्रयोगशाळेत जिवंत ठेवून मोजलं, तेव्हा म्यूकस मिनिटाला सुमारे चार मायक्रोमीटर वाढताना दिसला. २०० मायक्रोमीटरचा स्तर या वेगाने ५० मिनिटांत तयार होतो. हा लेख निवांत वाचून बाजूला ठेवेपर्यंत त्यातला बराच भाग बदललेला असेल.

नवा म्यूकस खालून येतो आणि जुना वर ढकलला जातो. वर गेला की तो सैल होतो, जिवाणू त्यात घर करतात, त्यातली साखर खातात आणि शेवटी तो मळाबरोबर निघून जातो. एखादा जिवाणू आत घुसायला लागलाच, तर पायाखालची जमीन मिनिटाला चार मायक्रोमीटरने त्याला मागे नेत असते. पेशींची रांगही तीन ते पाच दिवसांत संपूर्ण बदलते, पण तिच्या तुलनेत म्यूकसचा वेग कितीतरी पट जास्त. दोन ग्रॅमची बाजू टिकते ती अशी. तटबंदी भक्कम असते म्हणून नव्हे, कालची तटबंदी आज उभीच नसते म्हणून.

त्यातूनही कुणी खोबणीच्या तोंडाशी पोचलाच तर दुसरा उपाय तयार असतो. २०१६मध्ये याच गोथेनबर्गच्या गटाने पहारेकरी गॉब्लेट पेशी शोधल्या. खोबणीच्या तोंडाशी असलेली अशी पेशी जिवाणूंचे अंश आत घेऊन ओळखते, लगेच आपलं कोठार ओतते आणि शेजारच्या पेशींनाही इशारा देते. त्याही ओततात. घुसखोर लोंढ्याबरोबर बाहेर फेकला जातो. पहारेकरी पेशी स्वतः मात्र अस्तरातून गळून पडते.

लहान आतड्यात हीच तऱ्हा चालणार नाही, कारण तिथे अन्न शोषायचं असतं. तिथला म्यूकस एकाच सैल थराचा असतो आणि कमतरता जंतुनाशक प्रथिनं भरून काढतात. अशाच एका प्रथिनामुळे उंदरांच्या लहान आतड्यात जिवाणू आणि पेशी यांच्यात सुमारे ५० मायक्रोमीटरचं अंतर राहतं, हे २०११मध्ये अमेरिकेत लोरा हूपर यांच्या गटाने दाखवलं.

दहा लाख पटीची आम्लता

जठरात शत्रू वेगळा असतो, आपणच तयार केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल. मांस पचवणारं जठर स्वतःला का पचवत नाही, हा प्रश्न जुना. लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७७२मध्ये मृत्यूनंतर जठर स्वतःच्याच रसाने पचल्याची उदाहरणं मांडली. मग जिवंतपणी असं का होत नाही? त्यांनी श्रेय जीवनशक्तीला दिलं. आज उत्तर म्यूकसमध्ये सापडतं. जठराच्या पोकळीत पीएच एक ते दोन असतो, पेशींच्या अंगाला लागून तो सातच्या जवळ जातो. पीएचचा एक अंक म्हणजे आम्लतेत दहापट फरक. एक ते सात म्हणजे दहा लाख पट. हा सगळा उतार मिलिमीटरहून कमी अंतरात पार होतो. म्यूकस पेशींनी सोडलेलं बायकार्बोनेट धरून ठेवतो आणि आम्ल तिथेच निष्प्रभ होत राहतं.

या थराची चावी एका जिवाणूला सापडली आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे बॅरी मार्शल यांनी १९८४मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरीचा रस्सा स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. २००५मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. हा जिवाणू मळसूत्रासारखा दिसतो, म्हणून तो म्यूकस भोसकत पुढे जातो असं वाटायचं. २००९च्या प्रयोगांत उलगडलं ते वेगळंच. घट्ट जेलमध्ये तो हलूच शकत नाही. तो युरियापासून अमोनिया करतो, आसपासची आम्लता उतरवतो, त्यामुळे जेल वितळतं आणि त्या ओल्या वाटेने तो पोहत जातो. जगातल्या निम्म्याच्या आसपास लोकांच्या जठरात तो राहतो असं मानलं जातं.

आपल्याकडे ओळखीचा दुसरा घरफोड्या म्हणजे आव पडायला लावणारा अमिबा, एंटअमिबा हिस्टोलिटिका. तो जिवाणूच्या दहापट मोठा. लागण झालेल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, तो वरच्या थरात जिवाणू खात राहतो. पण त्याच्याकडे प्रथिन कापणारं विकर आहे. एमयूसी-२चा साखरेने झाकलेला भाग त्याला कापता येत नाही. साखर नसलेल्या टोकाजवळ मोजक्या ठिकाणी तो घाव घालतो आणि तेवढ्याने जाळ्याची वीण सुटते, हे २००६मध्ये दिसून आलं. ५,००० दुव्यांपैकी दोन-चार कापले, की काम झालं. मळातून पडणारी चिकट आव ही या झटापटीची खूण.

खाणारे आणि बांधणारे

या थराचे नेहमीचे गिऱ्हाईक मात्र घरचेच आहेत. २००४मध्ये नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन इथे वेगळा काढलेला अकरमान्सिया म्युसिनिफिला हा जिवाणू म्यूकसवरच जगतो. निरोगी प्रौढांच्या आतड्यात तो सहसा एक ते चार टक्के असतो. साखळ्या तोडण्यात माणसापेक्षा जिवाणू कितीतरी तयारीचे. अन्नातली कर्बोदकं पचवायला आपल्या जनुकांत जेमतेम १७च्या आसपास विकरं, तर बॅक्टेरॉइड्स थेटाआयोटाओमायक्रॉन या एकट्या जिवाणूकडे अडीचशेहून अधिक. ही अवजारं भाजी-भाकरीतल्या चोथ्यावर चालतात, आणि चोथा नसेल तेव्हा म्यूकसवर.

२०१६मध्ये महेश देसाई, एरिक मार्टेन्स आणि सहकाऱ्यांनी उंदरांत माणसाचे १४ प्रकारचे जिवाणू सोडून हे तपासलं. तंतुमय पदार्थ बंद केल्यावर म्यूकस खाणारे वाढले, थर पातळ झाला आणि एरवी पेलवणारा संसर्ग त्या उंदरांच्या जिवावर बेतला. माणसांत अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याच्या दाहाचा आजार उफाळलेला असताना आतला स्तर जिवाणूंना पार करता येण्याजोगा झालेला आढळतो.

पण जिवाणू नकोतच म्हणावं, तर तेही चालत नाही. पूर्ण निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांत हा स्तर कच्चाच राहतो. जिवाणू सोडल्यावर तो अभेद्य व्हायला काही आठवडे लागतात. ज्यांना अडवायचं, त्यांच्या धाकाशिवाय तटबंदी बांधलीच जात नाही. शिवाय चोथ्यापासून जिवाणू जे ब्युटिरेट तयार करतात, त्यावर मोठ्या आतड्याच्या पेशी आपली बहुतांश ऊर्जा मिळवतात. म्यूकस ओतायचा खर्च काही अंशी खाणाऱ्यांकडूनच वसूल होतो.

म्हणून या थराची ताकद २०० मायक्रोमीटर या आकड्यात शोधून सापडणार नाही. ती आहे मिनिटाला चार मायक्रोमीटर बांधकाम आणि तेवढीच नासधूस यांच्या मेळात. बांधकाम आपल्या हातात नाही. नासधुशीच्या वेगावर मात्र ताटातल्या जिनसांचा परिणाम होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये प्रौढांसाठी रोज किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थांची शिफारस केली. डाळी, भाकरी, शेंगा, पालेभाज्या यांतून ती भागते. अस्तरापुढची ३८ लाख कोटी तोंडं त्या २५ ग्रॅमवर गुंतून राहिली, तर दोन ग्रॅमकडे त्यांचं लक्ष कमी जातं.